शहरी हवेतील विषारी धातू

शहरांच्या हवेत तरंगणाऱ्या धूलिकणांमध्ये शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, निकेल, क्रोमियम, मँगॅनीज इत्यादींचे जे अत्यल्प अंश असतात, तसेच पाऱ्याची जी वाफ हवेत मिसळलेली असते, त्या सर्वांना मिळून शहरी हवेतील विषारी धातू असे म्हणतात. आर्सेनिक हे काटेकोरपणे पाहता धातुसदृश मूलद्रव्य आहे. मात्र प्रदूषणाच्या अभ्यासात त्याची गणना धातूंबरोबरच केली जाते. ‘जड धातू’ ही संज्ञाही साधारणपणे याच अर्थाने रूढ आहे. वजनाने पाहिल्यास हे धातू एकूण धुळीचा फार लहान भाग असतात. धुळीचे प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये सांगितले जाते, तर आर्सेनिक व निकेल यांचे नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे त्याच्या एक हजारांश एककात. असे असूनही त्यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो, कारण धूर विरतो, वायूंचे रासायनिक रूपांतर होते, पण धातू मूलद्रव्य असल्याने त्याचे विघटन होत नाही. हवेतून तो जमिनीवर बसतो, वाऱ्याने व वाहनांच्या चाकांनी पुन्हा उडतो आणि शरीरात गेल्यास काही धातू तेथे वर्षानुवर्षे साठून राहतात.

महाराष्ट्रात या विषयाचा सर्वांत ठळक पुरावा मुंबईतील मुलांच्या रक्ततपासणीतून मिळाला. शिसेयुक्त पेट्रोल बंद होण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या तपासण्यांमधील फरक पुढे दिला आहे.

स्वरूप

धातूचा कण किती मोठा आहे यावर तो किती दूर जाईल आणि शरीरात कोठवर पोहोचेल हे अवलंबून असते. दगड फुटणे, रस्ता घासला जाणे, माती उडणे अशा यांत्रिक क्रियांतून निघणारे कण तुलनेने जाड असतात. १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांना पीएम १० म्हणतात. त्यांतील मोठे कण बहुतांशी नाकात, घशात व मोठ्या श्वासनलिकांत अडकतात. मात्र कफाबरोबर गिळले गेल्यास त्यांतील धातू पोटातून रक्तात जाऊ शकतो. भट्टी, बॉयलर किंवा पेटलेला कचरा यांच्या उष्णतेत शिसे, कॅडमियम व आर्सेनिक यांची काही प्रमाणात वाफ होते. ही वाफ थंड होताना अतिसूक्ष्म कणांच्या पृष्ठभागावर गोठते. त्यामुळे ज्वलनातून आलेला धातू प्रामुख्याने २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कणांवर, म्हणजे पीएम २.५ मध्ये आढळतो. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर असते, हे लक्षात घेतल्यास या कणांच्या लहानपणाची कल्पना येते. असे कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात व त्यांतील विद्राव्य धातू थेट रक्तात उतरतो.

पारा या सर्वांहून वेगळा आहे. तो मुख्यतः वाफेच्या रूपात हवेत राहतो व कित्येक महिने वातावरणात टिकून दूरदेशी जाऊ शकतो. श्वासावाटे आत गेलेल्या पाऱ्याच्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के भाग शरीरात शोषला जातो.

उगम

दगडी कोळसा हा अनेक धातूंचा मोठा स्रोत आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बरेच असते आणि त्या राखेत आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, निकेल हे धातू असतात. पारा मात्र बव्हंशी धुराड्यातून वायुरूपाने निघून जातो. महाराष्ट्रात चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, पारस, भुसावळजवळील दीपनगर आणि नाशिकजवळील एकलहरे येथे कोळशावर चालणारी औष्णिक विद्युत केंद्रे आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने अशा केंद्रांच्या धुरातील पाऱ्यासाठी प्रथमच मर्यादा घालून दिली.

वाहनांमधून येणारे धातू केवळ धुरातून येतात असा समज आहे, तो अपुरा आहे. ब्रेक दाबताना झिजणाऱ्या पॅडमधून तांबे, अँटिमनी व बेरियम, तर टायर झिजताना जस्त बाहेर पडते. विजेवर चालणाऱ्या गाडीलाही टायर व ब्रेक असतात, त्यामुळे हा स्रोत इंधन बदलल्याने पूर्णपणे नाहीसा होत नाही. जहाजांत जाळल्या जाणाऱ्या जड इंधन तेलातून व्हॅनेडियम व निकेल निघतात. बंदराच्या शहरांत या दोन धातूंची जोडी ही जहाजांच्या धुराची खूण मानली जाते.

शहरांतील छोटे आणि विखुरलेले स्रोत मोजायला अवघड, पण आरोग्याच्या दृष्टीने अधिक जवळचे आहेत. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतील शिशाच्या पट्ट्या उघड्या भट्टीत वितळवणे, तांबे मिळवण्यासाठी विजेच्या तारा जाळणे, रंग दिलेले लाकूड व प्लास्टिक जाळणे, क्रोम व निकेलचा मुलामा देणे, स्टेनलेस स्टीलचे वेल्डिंग करणे ही त्याची उदाहरणे होत. शिसे अवघ्या ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्यासाठी विशेष भट्टी लागत नाही आणि म्हणूनच हा व्यवसाय वस्तीत, घराच्या मागील अंगणातही चालू शकतो. हवेत गेलेले शिसे मग त्याच अंगणातील मातीत उतरते.

फटाक्यांतील रंग हे धातूंच्या क्षारांमुळे येतात: हिरवा बेरियममुळे, तांबडा स्ट्राँशियममुळे, निळा तांब्यामुळे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये फटाक्यांत शिसे, पारा, आर्सेनिक, अँटिमनी व लिथियम वापरण्यास आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये बेरियमचे क्षार वापरण्यास मनाई केली.

शिसेयुक्त पेट्रोल आणि मुंबईतील मुले

पेट्रोलच्या एंजिनात इंधन अवेळी पेटून ठोके पडतात. ते थांबवण्यासाठी टेट्राएथिल लेड हे संयुग उपयोगी पडते, असा शोध अमेरिकेत टॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये लावला. १९२३ पासून असे पेट्रोल विकले जाऊ लागले. दुसऱ्याच वर्षी ते संयुग तयार करणाऱ्या कारखान्यांतील काही कामगार शिशाच्या विषबाधेने दगावले; तरीही पुढील अर्धशतकात शिसेयुक्त पेट्रोल जगभर पसरले. जळालेल्या पेट्रोलमधील बहुतेक शिसे धुराच्या नळीतून सूक्ष्म कणांच्या रूपाने, नेमक्या माणसाच्या श्वासाच्या उंचीवर बाहेर पडत असे. लहान मुलांच्या बाबतीत तर ते आणखीच जवळ होते.

भारतात जून १९९४ मध्ये दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत लिटरमागे ०.१५ ग्रॅम इतके कमी शिसे असलेले पेट्रोल आणले गेले. एप्रिल १९९५ पासून याच शहरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेल्या नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली. या बदलामागे मुलांच्या आरोग्याइतकेच एक यांत्रिक कारणही होते: धुरातील इतर वायू कमी करणारा कन्व्हर्टर शिशामुळे निकामी होतो. यंत्र वाचवण्यासाठी जे करावे लागले, त्याचा लाभ मुलांच्या मेंदूला झाला असे म्हणता येईल. जगात सर्वांत शेवटी, जुलै २०२१ मध्ये, अल्जीरियात मोटारींसाठीच्या शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. पिस्टन एंजिनाच्या लहान विमानांसाठी मात्र असे इंधन अद्याप वापरात आहे.

बंगळूर येथील जॉर्ज फाउंडेशन या संस्थेने १९९७ च्या सुमारास देशातील मोठ्या शहरांत मुलांच्या रक्तातील शिशाची पाहणी केली. त्या वेळी डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही चिंतेची पातळी मानली जात असे. मुंबईतील तपासलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांमध्ये शिसे या पातळीवर किंवा तिच्या वर होते. पेट्रोलमधून शिसे गेल्यानंतर मुंबईतील १२ वर्षांखालील ७५० हून अधिक मुलांची पुन्हा तपासणी झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हे प्रमाण ३३.२ टक्के आढळले.

या दोन आकड्यांचा अर्थ दोन्ही अंगांनी लावावा लागतो. केवळ इंधनातील एक घटक काढून टाकल्याने, कोणतेही औषध न देता, काही वर्षांच्या आत बाधित मुलांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. सार्वजनिक आरोग्यात असे स्पष्ट यश क्वचितच दिसते. पण पेट्रोलमधील शिसे संपल्यानंतरही तीनपैकी एका मुलाच्या रक्तात ते चिंताजनक प्रमाणात राहिले. रस्त्यांच्या कडेच्या मातीत बसलेले शिसे, बॅटऱ्यांच्या भट्ट्या, घरांचे जुने रंग, भेसळयुक्त मसाले व काही भांडी हे मार्ग तसेच उघडे होते. शिवाय मापदंडही नंतर खाली आला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आपली संदर्भपातळी २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५ मायक्रोग्रॅम केली. जागतिक आरोग्य संघटना ५ मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक शिसे आढळल्यास त्याचा स्रोत शोधून तो दूर करण्यास सांगते. नव्या मापाने मोजली असती तर मुंबईतील बाधित मुले एकतृतीयांशापेक्षा अधिकच भरली असती. युनिसेफ व प्युअर अर्थ यांच्या २०२० मधील अहवालानुसार जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे आहे आणि त्यांपैकी सुमारे २७.५ कोटी मुले भारतातील आहेत.

आरोग्यावरील परिणाम

शिसे. शरीर शिशाला कॅल्शियमसारखे वागवते. रक्तात ते महिनाभराच्या हिशेबाने कमी होत जाते, परंतु हाडांत शिरल्यावर दशकानुदशके राहते. गर्भारपणात हाडांतील कॅल्शियम वापरले जाताना हे जुने शिसे पुन्हा रक्तात येऊन गर्भापर्यंत जाऊ शकते. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ व्यक्ती साधारण दहावा भाग शोषून घेते, तर लहान मूल निम्म्यापर्यंत. जमिनीवर खेळणे आणि हात तोंडात घालणे या सवयींमुळे मुलांच्या बाबतीत हवेतून जमिनीवर बसलेली धूळ श्वासातील धुळीपेक्षाही अधिक घातक ठरते. बुद्ध्यंक घटणे, लक्ष न लागणे, शिकण्यात मागे पडणे हे परिणाम कोणतेही ठळक लक्षण नसतानाही होतात. सुरक्षित म्हणता येईल अशी शिशाची कोणतीही पातळी ज्ञात नाही. प्रौढांमध्ये रक्तदाब वाढणे, मूत्रपिंडाचे विकार व हृदयविकार यांचा धोका वाढतो. शिशामुळे हीमोग्लोबिन तयार होण्याच्या क्रियेत अडथळा येतो आणि उलट शरीरात लोह कमी असेल तर शिसे अधिक शोषले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दोनतृतीयांशांहून अधिक मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे शिशाला सर्वाधिक बळी पडणारी मुले येथे अपवादाने नव्हे, बहुसंख्येने आहेत.

कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि तेथून निम्मे होण्यास १० ते ३० वर्षे लागतात. मूत्रपिंडाची कार्यक्षमता घटणे, हाडे ठिसूळ होणे व फुप्फुसाचा कर्करोग हे त्याचे परिणाम होत. तंबाखूचे झाड मातीतील कॅडमियम ओढून पानांत साठवते. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरात हा धातू इतरांच्या सुमारे दुप्पट असतो.

आर्सेनिक, कॅडमियम, षट्संयुजी क्रोमियम आणि निकेलची संयुगे यांचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग निश्चितपणे घडवून आणणाऱ्या घटकांत केला आहे. शिशाची असेंद्रिय संयुगे ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात आहेत. २०१३ मध्ये याच संस्थेने बाहेरील हवेचे प्रदूषण हेच समग्रपणे पहिल्या गटात घातले. क्रोमियमच्या बाबतीत त्याचे रूप महत्त्वाचे ठरते: मातीत आढळणारे त्रिसंयुजी क्रोमियम तुलनेने निरुपद्रवी असते, तर मुलामा देण्याच्या व वेल्डिंगच्या कामातून निघणारे षट्संयुजी क्रोमियम घातक असते. केवळ ‘एकूण क्रोमियम’ मोजून धोका सांगता येत नाही.

मँगॅनीज अन्नातून आवश्यक असले तरी श्वासातून दीर्घकाळ गेल्यास कंपवातासारखा विकार जडतो. कामगारांत तो १८३७ पासून ज्ञात आहे. नागपूर व भंडारा जिल्ह्यांत मँगॅनीजच्या खाणी असल्याने महाराष्ट्रात या धातूला विशेष महत्त्व आहे. पाऱ्याची वाफ मज्जासंस्था व मूत्रपिंडे यांवर परिणाम करते. शिसे, मँगॅनीज, पारा, आर्सेनिक यांची विषबाधा कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत अधिसूचित व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदवलेली होती. असा रुग्ण आढळल्यास त्याची माहिती शासनाला देणे बंधनकारक असते. घराच्या अंगणात भट्टी चालवणारा माणूस कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही, ही या तरतुदीची मर्यादा आहे.

उपचारांना फारसा वाव नाही. रक्तात शिसे खूप वाढले असल्यास ते बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे देतात व त्यांनी जीव वाचू शकतो. परंतु मध्यम प्रमाणात बाधा झालेल्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, औषधाने रक्तातील शिसे उतरले तरी मुलांच्या बुद्धीच्या कसोट्यांत सुधारणा दिसली नाही.

मानके व मापन

भारतात १८ नोव्हेंबर २००९ रोजी अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय परिवेशी वायू गुणवत्ता मानकांत १२ प्रदूषके आहेत. त्यांत शिसे, आर्सेनिक व निकेल हे तीनच धातू येतात. शिशाची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम, आर्सेनिकची ६ नॅनोग्रॅम आणि निकेलची २० नॅनोग्रॅम यांपेक्षा अधिक नसावी, असे ते सांगते. कॅडमियम, क्रोमियम, मँगॅनीज व पारा यांना परिवेशी हवेसाठी मर्यादा नाही. युरोपीय संघाने कॅडमियमसाठी ५ नॅनोग्रॅम हे लक्ष्यमूल्य ठरवले आहे. अमेरिकेने शिशाची मर्यादा २००८ मध्ये १.५ वरून ०.१५ मायक्रोग्रॅमवर आणली. मर्यादेच्या आत असणे म्हणजे धोका शून्य असणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हवेत आयुष्यभर ६.६ नॅनोग्रॅम आर्सेनिक असल्यास दर एक लाख माणसांत कर्करोगाचा एक अधिक रुग्ण संभवतो, आणि भारतीय मर्यादा जवळपास याच पातळीवर आहे.

धातू मोजण्यासाठी यंत्राने २४ तास हवा ओढून धूळ गाळणकागदावर जमवतात. मग तो कागद आम्लात विरघळवून अणुशोषण वर्णपटमापी किंवा तत्सम उपकरणाने, अथवा क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासतात. वार्षिक सरासरीसाठी आठवड्यातून दोनदा, वर्षात किमान १०४ दिवस असे नमुने घ्यावे लागतात. हे काम प्रयोगशाळेतच होते. चौकाचौकांत फलकांवर दिसणारा वायू गुणवत्ता निर्देशांक मात्र तत्काळ मोजता येणाऱ्या घटकांवर चालतो. निर्देशांकाच्या आठ घटकांत शिशाचे नाव आहे, तरी ते लगेच मोजता येत नसल्याने रोजच्या आकड्यात ते नसते. निर्देशांक ‘समाधानकारक’ दिसत असताना शेजारच्या गल्लीत बॅटऱ्यांची भट्टी पेटलेली असू शकते आणि फलकावरून ते कळणार नाही.

लहान शहरे: संगमनेरचे उदाहरण

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, चंद्रपूर, सोलापूर, जालना इत्यादी शहरे आहेत आणि त्यांची प्रगती धूलिकणांच्या घटीवरून, मुख्यतः पीएम १० वरून मोजली जाते. तालुक्याच्या गावांचा त्यात समावेश नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर हे प्रवरा व म्हाळुंगी या नद्यांच्या काठचे, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६५ हजार लोकवस्तीचे शहर अशा गावांचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणून घेता येते.

शहर पुणे–नाशिक महामार्गावर आहे. अवजड वाहतूक पूर्वी गावातूनच जात असे. वळणरस्ता झाल्यावर तिचा मोठा भाग बाहेरून जाऊ लागला. त्याने ब्रेक, टायर व डिझेलच्या धुरातून येणारे नवे धातू कमी झाले तरी शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात जुन्या रस्त्यांच्या कडेला बसलेले शिसे मातीत राहतेच, हे अशा सर्वच महामार्गावरील गावांना लागू आहे. विडी व तंबाखू हे संगमनेरचे जुने उद्योग असून असंख्य स्त्रिया घरी विड्या वळतात. विडीच्या धुरातून ओढणाऱ्याला व घरातील इतरांनाही कॅडमियम मिळते; हा धातूचा संपर्क रस्त्यावरील हवेपेक्षा घरातल्या हवेत अधिक असतो. परिसर उसाचा आहे. गळीत हंगामात बॉयलरमध्ये जळणाऱ्या चिपाडांची काळी राख आणि शेतात पेटवलेले पाचट यांमुळे धूळ वाढते, परंतु उसाच्या राखेत मुख्यतः सिलिका असते आणि कोळशाच्या राखेच्या तुलनेत विषारी धातू कमी असतात. डोळ्यांना अधिक दिसणारी काजळी ही अधिक विषारी असतेच असे नाही. हिवाळ्यातील थंड रात्री जमिनीलगतची हवा वर चढत नाही, तेव्हा हे सर्व धूर खोऱ्यात तळाशी दबून राहतात.

दख्खनच्या पठारावरील शहरांत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. येथील काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. पृथ्वीच्या कवचाच्या सरासरीपेक्षा या खडकात लोह, टायटॅनियम, तांबे व व्हॅनेडियम अधिक आणि शिसे कमी असते. त्यामुळे संगमनेरच्या धुळीत तांबे सापडले म्हणजे ते कारखान्याचेच असा निष्कर्ष काढता येत नाही. ते शेतातूनही आलेले असते. ही गफलत टाळण्यासाठी नमुन्यातील धातूचे ॲल्युमिनियमशी असलेले प्रमाण मातीतील त्याच प्रमाणाशी ताडून पाहतात. ही तुलना जागतिक सरासरीशी न करता स्थानिक मातीशी केली तरच ती विश्वसनीय ठरते. याउलट बेसाल्टच्या प्रदेशातील धुळीत शिसे ठळकपणे आढळल्यास ते जवळजवळ निश्चितपणे माणसाच्या उद्योगातून आलेले असते.

नियंत्रण

धुरातील धातू धुराड्यापाशी पकडणे मोठ्या उद्योगांत शक्य असते; त्यासाठी स्थिरविद्युत अवक्षेपक व कापडी गाळण्या वापरतात. विखुरलेल्या स्रोतांवर मात्र वस्तूतूनच धातू काढून टाकण्याचा उपाय अधिक परिणामकारक ठरला आहे. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिसे नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित झाले. बॅटऱ्या गोळा करण्याचे २००१ चे नियम जाऊन २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले व वापरलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली. तथापि भंगारात चांगला भाव मिळत असल्याने जुनी बॅटरी अनधिकृत भट्टीकडे जाण्याचे प्रलोभन कायम आहे.

घराच्या पातळीवर कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसणे, जेवणापूर्वी मुलांचे हात धुणे, जुना रंग कोरडा न खरवडणे, कचरा व तारा न जाळणे, तसेच आहारात लोह व कॅल्शियम पुरेसे ठेवणे यांनी शरीरात जाणारे शिसे कमी होते. बॅटरी, वेल्डिंग, मुलामा किंवा रंगकाम करणाऱ्यांनी कामाचे कपडे व चपला घरात न आणणे आणि ते कपडे मुलांच्या कपड्यांपासून वेगळे धुणे आवश्यक असते, कारण कामावर न जाणाऱ्या मुलांच्या रक्तात वडिलांच्या कपड्यांवरून आलेले शिसे आढळल्याची उदाहरणे अनेक देशांत नोंदली गेली आहेत.